पेट स्कॅनमध्ये पोट कोरं आलं. म्हणजे आईला कॅन्सर नाही का?

७.४२ची_लोकल (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ११:१६

आईला पेट स्कॅन करायचाय म्हटल्यावर ती म्हणाली, "हो मग, पेट म्हणजे पोटच. पोटाचाच काढणार ना?" मुलुंडमध्ये तीस वर्षं गुजराती-हिंदी शेजारात काढलेली बाई, तिचं काय चुकलं? तेव्हा मी हसले होते. आता त्याच स्कॅनच्या रिपोर्टवरून घरात दोन तट पडलेत आणि मी मध्ये अडकलेय.

आई ६४ वर्षांची. मधुमेह बारा वर्षांचा, मेटफॉर्मिन चालू. दिवाळीपासून जळजळ, जेवलं की लगेच पोट भरल्यासारखं. ओवा झाला, जिरं झालं, थंड दूध झालं. फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ९.८ निघालं, तेव्हा आमच्या जुन्या डॉक्टरांनी हट्टाने एंडोस्कोपी करायला लावली. जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये, १४ मिलिमीटरचा किंचित खोलगट लालसर चट्टा दिसला. बायॉप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच, वेल डिफरन्शिएटेड (पेशी बऱ्याचशा नेहमीसारख्या दिसणारा प्रकार). सीटी स्कॅनमध्ये काहीच नाही. पोटाचे डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय, आतून सोनोग्राफी करू आणि जमलं तर दुर्बिणीतूनच सोलून काढू, पोट फाडायला लागणार नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग पुण्याहून दादा म्हणाला, "पेट केल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही." डॉक्टर म्हणत होते गरज नाही, पण दादाने एका खाजगी सेंटरमध्ये परस्पर नंबर लावला. तिथे कुणी फार विचारलंही नाही. १८ हजार भरले आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात.

रिपोर्ट असा: जठरात असामान्य ग्रहण (टोचलेलं द्रव्य ओढून घेणं) नाही. आतड्यात सगळीकडे पसरलेलं ग्रहण. छातीत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी, एसयूव्ही मॅक्स (त्या ग्रहणाचं मोजमाप) ५.२, "इतर निष्कर्षांशी जुळवून पाहावे".

आता बाबा आणि दादा म्हणतायत, पोटात कॅन्सरच नाही, बायॉप्सीची बाटली बदलली असणार. आणि आत्या म्हणतेय, छातीपर्यंत पोचलाय, आता कशाला छळता बाईला. एकाच कागदावरून! आई मात्र शांतपणे कोथिंबीर निवडतेय.

कुणाला यातलं खरं माहीत असेल तर सांगा. "काळजी घ्या" असे प्रतिसाद नकोत, रागावू नका.

---

खवचट_काका
सोमवार, रात्री ११:४०

दादा आयटीत आहे का?

---

७.४२ची_लोकल
सोमवार, रात्री ११:४२

काका, हो. कसं ओळखलंत?

---

अर्धायुष्य
मंगळवार, पहाटे ५:५०

मी पेट विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, चौदा वर्षं मुंबईतच. ड्युटीला निघण्याआधी लिहितोय. रिपोर्टचा अर्थ डॉक्टर सांगतील, मी यंत्राच्या बाजूने सांगतो.

पेट स्कॅन कॅन्सर बघत नाही. तो साखर बघतो. ग्लुकोजसारखाच दिसणारा एक रेणू, एफडीजी, त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला. शिरेतून दिला की ज्या पेशी साखर जास्त ओढतात त्या तो ओढून घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत. तिथेच अडकून पडतो. तासाभराने आम्ही फोटो काढतो. जिथे साखर जास्त साचली तिथे दिवा लागलेला दिसतो. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी खातात हे वॉरबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवलं होतं, त्यावर हे सगळं उभं आहे.

पण साखर खाणारे अजून खूप जण आहेत. मेंदू खातो. हृदय मनात आलं तर खातं. सुजलेली जागा खाते, टीबीची गाठ तर कॅन्सरइतकीच खाते. आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर आतडं पार उजळून निघतं. तुमच्या रिपोर्टमधली आतड्याची ओळ बहुधा त्या गोळीची. शक्य असेल तर डॉक्टरांना विचारून आम्ही ती ४८ तास आधी बंद ठेवायला सांगतो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

दुसरं, यंत्राची नजर. साधारण ५ मिलिमीटरच्या खालची गोष्ट आमच्या यंत्राला नीट दिसत नाही. आता तुम्ही म्हणाल चट्टा १४ मिलिमीटरचा आहे. तो लांबी-रुंदीला. जाडी किती? पोळीवर तूप पुसतात ना, तसा तो थर असतो. वरून पाहिलं तर पोळीभर दिसतो, कडेने पाहिलं तर नाहीच. त्यात जठर श्वासाबरोबर हलतं, स्वतःचं आकुंचन-प्रसरण चालू असतं, आणि रिकामं असेल तर भिंती एकमेकींना चिकटून बसतात. म्हणून काही ठिकाणी स्कॅनच्या आधी पाणी प्यायला देऊन जठर फुगवतात. तुमच्या आईला दिलं होतं?

---

७.४२ची_लोकल
मंगळवार, सकाळी ८:०५ (गाडीतून)

पाणी नाही दिलं. गोळीचंही कुणी विचारलं नाही. साखर मात्र बोटातून तपासली, १४८ आली.

बाकी तुमच्या खात्याची एक गोष्ट लक्षात राहिली. सुई देणारी मुलगी एक जाडजूड शिशाचं नळकांडं घेऊन आली, इतकं जड की दोन्ही हातांनी धरलेलं. आत एवढीशी सिरिंज. झटक्यात टोचलं आणि पाच पावलं मागे जाऊन मग आईशी बोलायला लागली. आईला वाटलं आपण काहीतरी अस्पृश्य झालो. मग एका खोलीत आरामखुर्चीत निजवलं, दोन ब्लँकेटं, दिवा मंद, फोन बंद. आई तोंडातल्या तोंडात रामरक्षा पुटपुटत होती. काचेतून मुलीला दिसलं, तिने माइकवरून सांगितलं, "आजी, मनात म्हणा. ओठ हलवू नका."

आई घरी येऊन सगळ्यांना सांगतेय की त्या यंत्राला रामरक्षा सहन होत नाही.

---

अर्धायुष्य
मंगळवार, दुपारी २:२२

आजींना माझा नमस्कार सांगा 😄

बोललं की स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात, घशात दिवा लागतो, मग डॉक्टर विचारात पडतात. ब्लँकेट नुसतं आरामासाठी नाही. माणूस गारठला की मानेजवळची तपकिरी चरबी पेटते आणि गाठींसारखी दिसते. आणि मागे सरण्याबद्दल राग धरू नका. ती मुलगी दिवसाला पंधरा-वीस जणांना टोचते. तुमच्या आईला एकदाच तो डोस, तिला रोज.

फ्लोरिन-१८चा अर्धायुष्यकाल ११० मिनिटं. (माझ्या आयडीचं मूळ तेच.) सहा तासांत दहावा हिस्सा उरतो, बारा तासांत शंभरावा. म्हणून त्या दिवशी लहान नातवंडं आणि गरोदर बायकांपासून जरा लांब राहायला सांगतात. भीतीचं कारण नाही. आमची सगळी धावपळही त्या ११० मिनिटांपायीच. सायक्लोट्रॉनवरून, म्हणजे तो बनवणाऱ्या यंत्रावरून, डोस पहाटे निघतो आणि गाडी सायनला अडकली की डोस गाडीतच विरत जातो. मग पेशंट उपाशी, आम्ही हवालदिल.

---

पोटातलं_ओठावर
मंगळवार, रात्री १०:३०

मी जठरांत्रविकार बघतो. तुमच्या आईला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा आणि त्यांच्या डॉक्टरांशी ताडून पाहा.

आधी बाबांसाठी. पेटमध्ये जठर कोरं येणं आणि बायॉप्सीत कॅन्सर असणं यात विसंगती काही नाही. एवढा लवकरचा चट्टा पेटमध्ये न दिसणं हे नेहमीचंच आहे. दिसला असता तर मी जरा जास्त काळजीत पडलो असतो. बायॉप्सी म्हणजे पेशी प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेट म्हणजे लांबून उजेड मोजला. दोघांत भांडण झालं तर बायॉप्सी जिंकते. बाटली बदलल्याची शंका असेलच तर उपाय सोपा आहे, स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. त्यासाठी स्कॅन हा पुरावा नव्हे.

आता "लवकरचा" म्हणजे काय ते सांगतो, कारण हा शब्द लोक महिन्यांवर मोजतात. जठराची भिंत थरांची असते. सगळ्यात आत म्युकोसा, तिच्याखाली सबम्युकोसा, मग स्नायू, मग बाहेरचं आवरण. कॅन्सर पहिल्या दोन थरांतच असेल तर तो लवकरचा. ही व्याख्या १९६२ साली जपानी एंडोस्कोपीवाल्यांनी ठरवली आणि जगाने उचलली. गंमत अशी की या व्याख्येत गाठींचा विचारच नाही, फक्त खोली.

आणि सगळा खेळ त्या खोलीचाच आहे. म्युकोसापुरता असेल तर गाठींत गेलेला असण्याची शक्यता शेकड्यात दोन-चार. सबम्युकोसात उतरला की ती वीसच्या आसपास जाते. दोन थरांत अंतर किती? मिलिमीटरचा काही भाग. हा फरक पेटला कळणं अशक्य, सीटीलाही कळत नाही. तो बघायला चांगली एंडोस्कोपी लागते, म्हणजे निळा रंग फवारून, एनबीआयच्या, म्हणजे निवडक रंगांच्या, उजेडात, मोठं करून, घाई न करता. जोडीला आतून सोनोग्राफी. तीही दर वेळी बरोबर असतेच असं नाही, हे आमच्यातले बरेच जण मोकळेपणाने सांगत नाहीत. शेवटचा शब्द सोलून काढलेल्या तुकड्याचा. तो दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून तपासतात.

म्युकोसापुरता, वेल डिफरन्शिएटेड, व्रण नसलेला, २ सेंटिमीटरच्या आत. हा ईएसडीचा, म्हणजे दुर्बिणीतून सोलण्याचा, अगदी पाठ्यपुस्तकातला पेशंट. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं. अमेरिकेतल्या एनसीसीएन या कॅन्सर हॉस्पिटलांच्या संघटनेच्या सूचनांतही लिहिलंय की टी-१ अवस्थेत, म्हणजे पहिल्या दोन थरांतच असताना, पेट-सीटी योग्य ठरेलच असं नाही.

आता आत्याबाईंसाठी, छातीच्या गाठी. जठराच्या पहिल्या थरातला कॅन्सर शेजारच्या गाठी ओलांडून, यकृत ओलांडून, दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी सारखाच जाऊन बसला, हे चित्र मला पटत नाही. मुंबईत राहणाऱ्या चौसष्ट वर्षांच्या माणसाच्या छातीत अशा जोडगाठी दिसल्या की माझ्या डोक्यात आधी जुना टीबी, सारकॉइड (गाठी सुजवणारा, कॅन्सर नसलेला आजार), नाहीतर इतकी वर्षं ओढलेला धूर-धूळ येतो. पण "पटत नाही" हा काही रिपोर्ट नव्हे. आता दिसलंच आहे तर छातीच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. नको असलेल्या तपासणीची किंमत १८ हजारांवर थांबत नाही ती अशी.

---

तर्कतीर्थ
मंगळवार, रात्री ११:१०

डॉक्टरसाहेब, माफ करा, पण मग मोठमोठ्या हॉस्पिटलांत जठराच्या कॅन्सरला पेट करतात ते काय उगाच? माझ्या मेव्हण्याचा झाला होता. एवढं महागडं यंत्र जर साधा चट्टा पकडू शकत नसेल तर ते कशाला ठेवायचं? मला तर यात एंडोस्कोपीवाल्यांचा धंदा दिसतो.

---

पोटातलं_ओठावर
मंगळवार, रात्री ११:३५

धंदा म्हणायचा तर पेटचा डोस जास्त महाग आहे हो.

प्रश्न मात्र चांगला. पेट उपयोगाचा आहे, पण पुढच्या अवस्थेत. कॅन्सर स्नायूच्या पलीकडे गेलाय, मोठं ऑपरेशन किंवा केमो ठरतंय, तेव्हा यकृतात, हाडात, लांबच्या गाठीत काही लपलंय का ते बघायला. मूळ गाठ चमकत असेल तर केमोने ती मंदावली का हेही कळतं. नंतर पुन्हा उगवला अशी शंका आली तरी कामाला येतो.

आणि तिथेसुद्धा अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. नेदरलँड्समध्ये पुढे गेलेल्या जठर-कॅन्सरचे ३९४ पेशंट घेऊन अभ्यास झाला, २०२१मध्ये छापून आला. पेटमुळे लांबचा फैलाव सापडला तो १२ जणांत, म्हणजे ३ टक्के. पोटात दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहिलं, लॅपरोस्कोपी केली, तेव्हा ७३ जणांत काहीतरी निघालं. ही पुढच्या अवस्थेची गोष्ट. पहिल्या थरातल्या चट्ट्यात पेट काय शोधणार ते तुम्हीच ठरवा.

---

मोगरा७७
बुधवार, दुपारी १२:५८

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

माझ्या वडिलांचा जठराचा कॅन्सर सिग्नेट रिंग प्रकारचा होता. पेटमध्ये जवळजवळ काही चमकलंच नाही. आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. सर्जनने मात्र ऑपरेशनआधी लॅपरोस्कोपी केली, आणि पोटाच्या पडद्यावर साबुदाण्यासारखे दाणे सगळीकडे. ऑपरेशन रद्द झालं. सर्जन बाहेर आले, मास्क खाली केला आणि आधी खुर्ची शोधली बसायला. तेव्हाच मला कळलं.

नंतर त्यांनीच समजावलं की या पेशी आतून श्लेष्म्याने भरलेल्या असतात, केंद्रक कडेला ढकललेलं, खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात म्हणून ते नाव. त्यांच्यावर साखर आत घेणारी दारंच कमी असतात. साखरच घेत नाहीत तर दिवा कुठून लागणार?

लोकलताई, तुमच्या आईचा प्रकार वेगळा आहे, वेल डिफरन्शिएटेड. घाबरवायला लिहिलं नाही. "पेट कोरा" या दोन शब्दांवर आम्ही आठ दिवस झोपलो होतो, तेवढंच सांगायचं होतं.

---

७.४२ची_लोकल
बुधवार, दुपारी १:३०

मोगरा, हे लिहिलंत त्याबद्दल काय बोलू. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. पण संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन ब्लॉक आणतो म्हणालेत.

---

जुना_परळकर
बुधवार, रात्री ९:१५

ब्लॉक आणायला जाताय तर दोन गोष्टी. मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबवाले "एक स्लाइड घेऊन जा" म्हणतात, ऐकायचं नाही, लेखी अर्ज द्या. उन्हाळा आहे, ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. आणि सगळ्या कागदांवर आजींचं नाव एकाच पद्धतीने लिहिलंय का पाहा. एकीकडे सासरचं, एकीकडे नवऱ्याच्या नावासकट, अशाने खिडकीवर तास जातात.

अवांतर: पेट म्हटलं की मला आमचं परळच आठवतं. देशातलं पहिलं पेट यंत्र आलं ते इथेच, टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे तिथे, २००२ साली. डोस बनवणारा सायक्लोट्रॉनही तिथलाच. तेव्हा आमच्या चाळीत अफवा होती की तळघरात अणुभट्टी बसवलीय आणि पाणी उकळून प्यायचं. माझ्या आजीने महिनाभर उकळलं. तेवढीच कावीळ टळली असेल.

---

हिशेबनीस
गुरुवार, सकाळी १०:४०

धागा वाचून घाम फुटला. आमच्या कंपनीने पन्नाशीच्या पुढच्यांना "संपूर्ण शरीर कॅन्सर तपासणी, पेट-सीटीसह" असं पॅकेज सवलतीत दिलंय. मी पुढच्या आठवड्यात जाणार होतो. मला अ‍ॅसिडिटी आहे, म्हटलं पोटाचंही होऊन जाईल. जाऊ का नको?

---

अर्धायुष्य
गुरुवार, दुपारी ३:०५

माझ्या पोटावर पाय देऊन सांगतो, नका जाऊ 😄

---

पोटातलं_ओठावर
गुरुवार, रात्री १०:०२

अर्धायुष्य यांना अनुमोदन. जिथे जठराचा कॅन्सर सर्वाधिक आहे ते देश काय करतात बघा. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी खर्चाने एंडोस्कोपी. जपानमध्ये पन्नाशीनंतर. पेट नाही. जपानमध्ये हौशी लोकांसाठी खाजगी पेट तपासण्या आहेत, पण जठराचा लवकरचा कॅन्सर त्यात निसटतो हे तिथल्याच डॉक्टरांनी लिहून ठेवलंय.

उलटही होतं. जठरदाहाने, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूने सुजलेलं निरोगी जठर पेटमध्ये छान चमकतं. म्हणजे कॅन्सर असताना अंधार आणि नसताना रोषणाई. एकाच जागी ठळक दिवा दिसला तर एंडोस्कोपी करून बघावं लागतंच. मग आधीच का करू नये?

तुम्हाला पन्नाशीनंतर नव्याने अ‍ॅसिडिटी सुरू झाली असेल, वजन घटलं असेल, काळी शी होत असेल, रक्त कमी असेल, घरात कुणाला जठराचा कॅन्सर असेल, तर थेट एंडोस्कोपी. दहा मिनिटांचं काम आहे. पॅकेजचे पैसे कंपनी परत देणार नसेल तर दात तपासून घ्या त्यात.

---

तर्कतीर्थ
गुरुवार, रात्री १०:४५

एफएपीआय नावाचा नवीन पेट आलाय म्हणे, त्यात साखर लागतच नाही. तो तरी चालेल का लवकरच्यासाठी? (मेव्हण्याला विचारून आलोय, खोड काढत नाहीये.)

---

अर्धायुष्य
शुक्रवार, सकाळी ६:०५

चांगला विषय काढलात. हायडेलबर्गच्या लोकांनी आणलेला प्रकार, २०१८च्या सुमारास पुढे आला. तो कॅन्सरच्या पेशीकडे बघत नाही, तिच्याभोवती जमलेल्या आधारपेशींवरचं एक प्रथिन पकडतो. बहुतेक वेळा गॅलियम-६८ लावून देतात. त्याचा अर्धायुष्यकाल तर फक्त ६८ मिनिटं. फायदा असा की उपाशी राहायची, साखर सांभाळायची कटकट नाही, आणि मागे जठर-आतडं बरंच काळोखं राहतं, त्यामुळे गाठ उठून दिसते. सिग्नेट रिंगसारखे साखर न खाणारे प्रकार आणि पोटाच्या पडद्यावरचे दाणे यात एफडीजीपेक्षा पुष्कळच चांगला दिसतो.

पण दुखापत, व्रण, सूज, भरत आलेली जखम, हे सगळंही तो पकडतो. नुकतीच बायॉप्सी घेतलेली जागासुद्धा. आणि चट्टा पहिल्या थरात की दुसऱ्या, हे त्यालाही सांगता येत नाही. यंत्राची नजर तीच आहे ना. चष्मा बदलला तरी डोळे तेच.

---

७.४२ची_लोकल
तीन आठवड्यांनंतर, रविवार

उशीर झाला, माफ करा. रोज धागा उघडत होते, लिहायला बळ नव्हतं.

स्लाइड दुसरीकडे दाखवल्या. तेच निदान, एका शब्दाचाही फरक नाही. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. बाटलीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आतून सोनोग्राफीत चट्टा वरच्या थरातच वाटतोय. पण ईएसडी करणारे डॉक्टर म्हणाले, छातीच्या गाठींचं उत्तर आल्याशिवाय पुढे जाणार नाही, उद्या कुणी विचारलं तर? म्हणून श्वासनळीतून दुर्बीण घालून सुईने गाठीतला नमुना घेतला. त्यासाठी अजून एक भूल, एक दिवस अ‍ॅडमिशन, खोकल्यातून दोन दिवस लाल थेंब. आई पहिल्यांदाच चिडली. म्हणाली, "दुखतंय पोट आणि भोकं छातीला!"

निकाल: ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीसारख्या आजारात होणारी सुजेची गाठ. कॅन्सरच्या पेशी नाहीत. जीनएक्सपर्ट (टीबीची झटपट तपासणी) निगेटिव्ह. टीबीचं कल्चर लावलंय, त्याला ४२ दिवस. छातीचे डॉक्टर म्हणाले, ताप नाही, खोकला नाही, वजन टिकून आहे, तोवर औषध न देता वाट पाहू. मग आठवण निघाली की आई लहान असताना आजोबांना टीबी झाला होता, लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत सातजण राहायचे. साठ वर्षांपूर्वीचं काहीतरी त्या यंत्राने उकरलं, असं दिसतंय.

हिशेब मांडला तर त्या पेटमुळे तीन आठवडे आणि छातीच्या तपासणीचे सगळे पैसे. दादाला मी काही बोलले नाही. तो स्वतःच म्हणाला, "माझ्यामुळे झालं." त्याला हे कळावं असं मला वाटत होतं, पण कळल्यावर बरं नाही वाटलं. भीतीपोटीच केलं ना त्यानेही.

ईएसडी गुरुवारी आहे.

---

खवचट_काका
रविवार

गुरुवारी इथे सगळे जागे असतील. पुण्याच्या पोराला सांगा, काकांनी त्याच्या आयटीबद्दलचं मागे घेतलं.

---

७.४२ची_लोकल
त्यानंतरचा दुसरा बुधवार

झालं!!

ईएसडीला पावणेदोन तास लागले. आधी चट्ट्याच्या भोवती ठिपके मारले, मग खाली द्रव टोचून थर फुगवला आणि कडेकडेने सोलत आणला. हे मला कसं माहीत, तर डॉक्टरांनी नंतर फोटो दाखवले. शेवटचा फोटो त्या तुकड्याचा. थर्मोकोलच्या पाटीवर बारीक टाचण्यांनी चारी बाजूंनी ताणून लावलेला, ओला, गुलाबी, मधोमध जरा गडद. आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, "एवढंसं? अळूवडीचा काप मोठा असतो याहून."

पॅथॉलॉजी काल आली. चट्टा प्रत्यक्षात १६ मिलिमीटरचा. म्युकोसापुरताच. चारी कडा आणि तळ मोकळे. रक्तवाहिन्यांत, लसीकावाहिन्यांत शिरकाव नाही. ऑपरेशन नाही, केमो नाही. सहा महिन्यांनी एंडोस्कोपी आणि मग दरवर्षी, कारण बाकीचं जठर तेच आहे, दुसरीकडे नवा चट्टा येऊ शकतो. पेटचं नावही कुणी काढलं नाही. मी मुद्दाम विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "कशासाठी?"

तुकड्यात हेलिकोबॅक्टर सापडला. चौदा दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे, तोंड कडू झालंय, वरणभातसुद्धा लागत नाही म्हणते. कोर्स संपल्यावर चार आठवडे थांबून श्वासाची टेस्ट, आणि त्याआधी दोन आठवडे अ‍ॅसिडिटीची गोळी बंद.

---

पोटातलं_ओठावर
बुधवार, रात्री

वा. यापेक्षा चांगला रिपोर्ट मी तरी लिहू शकलो नसतो.

एक राहिलं. सख्खी भावंडं, मुलं यांनीही हा जंतू तपासून घ्यावा. तो लहानपणी घरातूनच लागतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ सालीच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय. तुम्ही आणि दादा दोघांनीही.

---

अर्धायुष्य
गुरुवार, पहाटे ५:४५

अभिनंदन! कल्चरचं काय झालं ते कळवा. आणि आजींना सांगा, आता रामरक्षा मोठ्याने म्हणा.

---

७.४२ची_लोकल
पुढचा गुरुवार, सकाळी ८:०२ (गाडीतून, ठाण्याला उभी आहे)

कल्चर अजून यायचंय, अकरा दिवस बाकी.

जंतूसाठी माझी टेस्ट निगेटिव्ह आली. दादाची पॉझिटिव्ह, आणि विचारल्यावर कबूल केलं की त्यालाही वर्षभर जळजळ आहे, गोळ्या खाऊन दाबत होता. एंडोस्कोपीची तारीख उद्याची मिळालीय. सकाळी आठ, उपाशीपोटी. आई म्हणतेय, मी जाते त्याच्याबरोबर.

---